विश्लेषण : तंटामुक्त समितीने लावलेले लग्न कायद्यात टिकते का?

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या वाचकांना ‘तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुल विवाहबद्ध’ हा मथळा नवा नाही. ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा गावच्या मंदिरात दोघे एकमेकांना हार घालतात. समितीचे अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील अक्षता टाकतात. समितीच्या रजिस्टरवर सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. घरच्यांचा राग शमतो, पोलीस ठाण्याची पायरी टळते, लग्नाचा खर्चही वाचतो. मात्र या लग्नात भटजी नसतो, होम नसतो, सप्तपदीही नसते. मग हे लग्न कायद्याने लग्न आहे का? ते लावण्याचा अधिकार नेमका कोणाला?

समितीला लग्न लावण्याचा अधिकार आहे का?

नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झाली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, नवे होऊ नयेत, हा तिचा हेतू. ग्रामसभेतून समिती निवडली जाते. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी अशी शासनाशी नाते असलेली मंडळी तिच्यात असल्याने गावकऱ्यांना ती सरकारी वाटते. पण ही समिती कोणत्याही विवाह कायद्याखाली नेमलेली नाही आणि अध्यक्ष हा ‘विवाह अधिकारी’ नाही. पळून गेलेल्या जोडप्याचा तंटा मिटवायचा तर लग्न लावून देणे हा सोपा मार्ग, म्हणून हे काम तिच्याकडे आले.

तरीही अधिकार नाही म्हणून लग्न रद्द, असा अर्थ लगेच काढता येत नाही. कारण हिंदू विवाह कायद्यात लग्न लावण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही, भटजीलासुद्धा नाही.

म्हणजे भटजी लागत नाही?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ५ मध्ये लग्नाच्या अटी आहेत. दोघे हिंदू असावेत, कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण असावी, संमती देण्याइतकी दोघांची मनःस्थिती असावी, निषिद्ध नात्यातले नसावेत. कलम ७ विधींबद्दल आहे. वर किंवा वधू, दोघांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रूढीतील विधींनी लग्न लावता येते. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल टाकल्यावर लग्न पूर्ण होते. पुरोहित कोण, कोणत्या जातीचा, पुरुष की स्त्री, याबद्दल कायद्यात एक शब्द नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेल्या स्त्री पुरोहित कित्येक वर्षे लग्ने लावत आहेत, त्याला कायद्याची आडकाठी आलेली नाही.

थोडक्यात, कायदा विधी पाहतो. विधी कोणी केला, हे तो विचारत नाही. पोवार, कुणबी, कोहळी, तेली, मरार अशा कोणत्याही समाजातील लग्न त्या समाजाच्या रीतीप्रमाणे मामाने किंवा गावच्या जाणत्या माणसाने लावले तरी चालते.

मग अडते कुठे?

अडते ते विधीपाशी. दोन हार आणि चार सह्या हा कोणत्या समाजाचा रूढ विधी? हा प्रश्न गावात कोणी विचारत नाही. तो उठतो न्यायालयात, तोही नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर किंवा तो वारल्यावर सासरच्यांनी सुनेचे नाव सातबाऱ्यावर चढू दिले नाही तेव्हा.

या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९६५ मध्ये निकाली निघाले. पहिली बायको असताना नवऱ्याने १९६२ मध्ये दुसरे लग्न केले. हे लग्न गांधर्व पद्धतीचे असल्याचा दावा होता. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र विचारले, दुसरे लग्न विधिवत लागले होते का? होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नव्हता. आमच्यात हे विधी अलीकडे गाळले जातात, असा युक्तिवाद झाला. पाच-सात वर्षांतली सवय म्हणजे रूढी नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दुसरे लग्न कायद्याच्या नजरेत झालेच नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही झाला नाही. नवरा सुटला. अपुऱ्या विधीचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हे या एका निकालातून दिसते.

एप्रिल २०२४ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने तोच धागा पुढे नेला. एका वैमानिक जोडप्याने विधी न करताच एका संस्थेचे प्रमाणपत्र घेतले आणि त्यावर नोंदणी करून घेतली होती. विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि ते प्रमाणपत्र व नोंदणी दोन्ही निरर्थक ठरवले. समितीच्या रजिस्टरला तर नोंदणीचाही दर्जा नाही.

भटजीशिवाय लग्नाची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे ना?

आहे, आणि तिचा इतिहास न्यायालयातूनच गेलेला आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई यांचे पहिले सत्यशोधक लग्न पुण्यात लागले. तेव्हाचा वाद लग्न वैध की अवैध यापेक्षा दक्षिणेचा होता. गावचा जोशी हा वतनदार. त्याला बोलावले नाही तरी त्याचा हक्क बुडत नाही, अशी मान्यता इंग्रजी न्यायालयांनीही दिलेली होती. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीविना लग्न लावले, तेव्हा जोशांनी हक्कासाठी दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९० मध्ये निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२६ मध्ये कायदा करून न बोलावलेल्या पुरोहिताच्या दक्षिणेचा हक्कच काढून टाकला. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात होते, त्यामुळे तो कायदा इथला नव्हता. विचार मात्र इथवर पोहोचला. विदर्भात आज सत्यशोधक विवाह लागतात, मराठा सेवा संघाच्या प्रेरणेने शिवविवाहही लागतात.

इथे एक खाच आहे. भटजीची सक्ती गेली, पण त्याच्या जागी आलेल्या विधीला कायद्यात नाव मिळाले नाही. तमिळनाडूने ते दिले. पेरियार यांच्या चळवळीतील स्वाभिमान विवाह मद्रास उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये अवैध ठरवले होते. अण्णादुराई यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात कलम ‘७-अ’ घातले. नातेवाईक, मित्र किंवा इतर कोणाच्याही समोर दोघांनी एकमेकांना समजेल अशा भाषेत पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे सांगावे, किंवा हार घालावा, अंगठी घालावी, नाहीतर ताली बांधावी, एवढे पुरे. पुरोहित नको, होम नको. १९६८ पासून हे कलम तमिळनाडूत लागू आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी मोकळा केला.

हेच कलम महाराष्ट्रात असते तर तंटामुक्त समितीसमोरचे हार घालून लावलेले हिंदू लग्न वादातीत ठरले असते. फुल्यांच्या राज्यात ते दीडशे वर्षांनंतरही नाही. इथे प्रत्येक जोडप्याला आपला विधी हीच आपली रूढी, असे पुराव्याने दाखवावे लागते. सत्यशोधक लग्नाला ते तुलनेने सोपे, कारण त्यामागे मोठी परंपरा आणि ठरलेला विधी आहे. समितीच्या लग्नाला असा ठरलेला विधीच नाही.

बौद्ध विवाह कोण लावू शकतो?

हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बौद्ध पद्धतीत तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील, परित्राण पाठ, वधू-वरांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार असा क्रम असतो. विधी भिक्खू किंवा बौद्धाचार्य करतात. १९५५ मध्ये स्थापन झालेली भारतीय बौद्ध महासभा बौद्धाचार्यांना प्रशिक्षण देते आणि विवाहाचे प्रमाणपत्रही दिले जाते. पण बौद्धाचार्यच हवा असे कायदा म्हणत नाही, आणि सप्तपदी झाली नाही हा आक्षेपही टिकणारा नाही, कारण कायद्याने सप्तपदी फक्त ज्यांच्या रूढीत ती आहे त्यांच्यासाठीच आवश्यक मानली आहे.

तरी बौद्ध लग्न ‘हिंदू’ नावाच्या कायद्याखाली का, हा सल जुना आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी राज्यात अनेकदा झाली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावचे आमदार राजकुमार बडोले सामाजिक न्यायमंत्री असताना या विषयाने जोर धरला होता. कायदा अद्याप झालेला नाही.

आदिवासी समाजाला कोणता कायदा?

२०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार. त्यात सुमारे १६ टक्के अनुसूचित जमाती, गोंड आणि हलबा प्रामुख्याने. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात त्यांची वस्ती दाट आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचे लग्न समाजाच्या रूढीने चालते. भुमकाने किंवा समाजातील जाणत्यांनी गोंडी रीतीने लावलेले लग्न पूर्ण वैध असते, त्याला सप्तपदीचा निकष लावता येत नाही.

दुसरी बाजू अशी की या कायद्यातील एकपत्नीत्वाची अटही आपोआप लागू होत नाही. २००१ मध्ये एका आदिवासी जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दुसऱ्या लग्नाला बंदी घालणारी रूढी जमातीत असेल तर ती तक्रार करणाऱ्या पत्नीने सिद्ध केली पाहिजे. हे ओझे सालेकशातल्या एखाद्या बाईला पेलणे सोपे नाही.

प्रेमविवाहात बऱ्याचदा एक जण आदिवासी आणि दुसरा बिगर-आदिवासी असतो. तिथे कोणता कायदा लागू, यावरच वाद होऊ शकतो. अशा जोडप्याला समितीने हार घालून मोकळे करणे म्हणजे भविष्यातला तंटा पेरणे. त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदाच सुरक्षित. वेगवेगळ्या धर्माच्या जोडप्यांसाठीही बहुधा तोच मार्ग. हिंदू व्यक्तीचे ख्रिस्ती व्यक्तीशी हिंदू विधीने लागलेले लग्न हिंदू विवाह कायद्याखाली वैध नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे.

काझी आणि पाद्री यांचे काय?

निकाहमध्ये प्रस्ताव, स्वीकार आणि साक्षीदार महत्त्वाचे. काझी कायदा, १८८० स्पष्ट सांगतो की लग्नाला काझी हजर असणे आवश्यक नाही आणि काझीचे काम करण्यापासून इतर कोणाला रोखताही येत नाही. पारशी विवाहात मात्र धर्मगुरूने दोन पारशी साक्षीदारांसमोर आशीर्वाद विधी करणे ही कायद्याचीच अट आहे.

‘लग्न लावण्याचा परवाना’ ही कल्पना खऱ्या अर्थाने आहे ती ख्रिस्ती विवाहात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ मध्ये लग्न कोण लावू शकतो त्याची यादीच आहे : दीक्षित धर्मोपदेशक, शासनाने परवाना दिलेले धर्मसेवक, विवाह निबंधक. अधिकार नसताना असे लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जोडप्यातील एक जण ख्रिस्ती असला तरी हे लागू आहे. समितीच्या पदाधिकाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावे.

‘कोर्ट मॅरेज’ कोण लावतो?

नावात कोर्ट असले तरी त्यात न्यायाधीश नसतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खालील हे लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर होते. हा अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाचा, जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारा. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस द्यायची, ती ३० दिवस कार्यालयात लागते, आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे म्हणायचे. तीन महिन्यांत लग्न केले नाही तर नोटीस नव्याने.

तहसीलबाहेरच्या टपरीवर शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर ‘विवाह करारनामा’ करून देणारे लोक आजही आहेत. त्याने लग्न होत नाही. नोटरी हे विवाह अधिकारी नाहीत आणि त्यांनी विवाह वा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असे केंद्र सरकारच्या विधी व्यवहार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी बजावले आहे.

ग्रामपंचायतीतील नोंदणीने काय साधते?

पुरावा. महाराष्ट्रात विवाह मंडळाचे विनियमन आणि विवाह नोंदणी कायदा, १९९८ खाली गावातला विवाह निबंधक ग्रामसेवक असतो (या पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी). लग्नानंतर ९० दिवसांत नमुना ‘ड’ मध्ये ज्ञापन द्यायचे असते. त्यावर पती, पत्नी आणि तीन साक्षीदारांसोबत लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, वय, पत्ता आणि सहीचाही रकाना आहे. कायद्याने न विचारलेला प्रश्न अर्ज विचारतो, तो असा. त्या रकान्यात बौद्धाचार्य, भुमका, काझी किंवा प्रत्यक्ष विधी करणारी कोणतीही व्यक्ती सही करू शकते. फक्त विधी केला नसेल तर कोणी सही करू नये. ओळखीच्या भटजीची सही आणून रकाना भरणे हा उद्या उलटणारा पुरावा आहे.

नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. पण आंतरजातीय विवाहाचे ५० हजारांचे प्रोत्साहन अनुदान, पासपोर्ट, कुटुंब निवृत्तिवेतन, वारस नोंद, सगळीकडे दाखला मागितला जातो.

चुकीचे लग्न लावले तर?

बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ सर्व धर्मांना आणि आदिवासींनाही लागू आहे. कलम १० नुसार बालविवाह लावणारा, घडवून आणणारा किंवा त्यास मदत करणारा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडास पात्र आहे. हा बालविवाह नाही असे मानायला आपल्याकडे कारण होते, हे त्यानेच सिद्ध करायचे. कलम ११ मध्ये लग्नाला उत्तेजन देणाऱ्या ‘संस्थेच्या किंवा व्यक्तिसमूहाच्या सदस्याचा’ उल्लेख आहे, आणि तंटामुक्त समिती हा व्यक्तिसमूहच आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर नवरदेवावर पोक्सोखाली गुन्हा होतो. तिथे तिची संमती आणि गावाची संमती दोन्ही निरुपयोगी.

ग्रामसेवकाची स्थिती इथे सर्वांत अवघड. तो समितीत आहे, विवाह निबंधक आहे आणि गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच. लग्नाआधी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला पाहिला नाही तर तिन्ही नात्यांनी जबाब त्यालाच द्यावा लागेल.

आधीचे लग्न लपवून दुसरे करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली शिक्षा आहे. माहीत असून ते लावणाराही सुटत नाही. असे लग्न लावणाऱ्या पुरोहिताला मुंबई उच्च न्यायालयाने १८८२ मध्येच गुन्ह्यास साह्य केल्याबद्दल दोषी मानले होते. केवळ मांडवात हजर असणाऱ्यांना मात्र मानले नव्हते.

समितीने आधीच लावलेल्या लग्नांचे काय?

दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याचे लग्न झाले आहे असे न्यायालये सहसा गृहीत धरतात. पोटगीच्या दाव्यात विधींचा काटेकोर पुरावा मागू नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची २०१० ची भूमिका आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तर ‘विवाहसदृश संबंधां’नाही संरक्षण देतो. म्हणजे समितीसमोर लग्न लागलेली बाई अगदीच उघड्यावर नाही. पण वारसा हक्क किंवा नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्धचा खटला यांत तिची बाजू लंगडी पडते.

त्यावर उपाय दोन. ज्यांना विधी करणे शक्य आहे त्यांनी आपल्या समाजाच्या रीतीने तो करावा, फोटो-चित्रफीत ठेवावी आणि त्या तारखेने नोंदणी करावी. ज्यांना विधी नकोच किंवा जे वेगवेगळ्या जमातींतले वा धर्मांतले आहेत, त्यांना विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ चा मार्ग आहे. आधी कोणत्याही पद्धतीने लग्नाचा सोहळा झालेला असेल आणि जोडपे तेव्हापासून एकत्र राहत असेल, तर त्याची नोंद या कायद्याखाली करता येते. मात्र नोंदीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण लागते, मुलीचेसुद्धा. अर्जापूर्वी ३० दिवसांचे जिल्ह्यातील वास्तव्य लागते आणि अर्ज केल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. घरच्यांच्या भीतीने समितीकडे आलेल्या जोडप्याला नेमकी हीच नोटीस नको असते, आणि १९ वर्षांच्या नवरीला तर दोन वर्षे थांबावेच लागते.